बर्फावरचा टँगो: ल्युदमिला पाखोमोवा

(कृष्णधवल चित्रफीत. म्युनिक, 1974)

'ला कुम्पार्सिता' ही टँगोची धून सुरू होते आणि ती मान वळवते. थबकते. जोडीदाराला नुसत्या नजरेनं दटावते. तो अलेक्सांद्र गोर्श्कोव्ह, तिचा नवरा. ती ल्युदमिला पाखोमोवा. अख्ख्या सोव्हिएत संघाची 'मीला'.

आइस डान्समध्ये, म्हणजे स्केट्स घालून बर्फावर जोडीनं करायच्या नाचात, डोक्यावर उचलणं नाही, हवेत भिरकावणं नाही, मोठ्या उड्या नाहीत. तो थरार फिगर स्केटिंगच्या जोडी प्रकारात सोव्हिएत विजेती इरिना रोदनिना पुरवत होतीच. इथे सगळा खेळ पावलांचा, आणि तो ब्रिटिशांचा मानला जाई. 1952 ते 1969 दरम्यानच्या 17 जागतिक स्पर्धांपैकी 13 त्यांच्याच जोड्यांनी जिंकल्या. नीटनेटका, दिवाणखान्यातला नाच. मीलाला तो पुरेना.

(मॉस्को, सरावाची रिंक)

व्हिक्तर रिझकिनसोबत ती राष्ट्रीय विजेती झाली होती. 1966 मध्ये ती जोडी फुटली आणि तिनं निवडला गोर्श्कोव्ह. तेव्हा त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. जाणकारांनी नाकं मुरडली. प्रशिक्षक येलेना चायकोव्स्काया मात्र दोघांच्या मागे उभी राहिली. नाट्यसंस्थेत नृत्यदिग्दर्शन शिकणाऱ्या मीलाला पावलांतून गोष्ट सांगायची होती. ती नाचात पेटायची, तो शांतपणे तिला सावरायचा. माझ्या मते या जोडीची खरी ताकद त्या सावरण्यात होती. टाळ्या मात्र तिला मिळाल्या.

1970 मध्ये ल्युब्ल्यानात पहिलं जागतिक सुवर्ण. मग सलग आणखी चार वर्षं तेच. घरोघरी टीव्ही पोहोचला होता, आणि फिगर स्केटिंग हा तिथला लाडका कार्यक्रम. मीलाच्या रागालोभासकट तिला सगळे ओळखू लागले.

1975 च्या सुरुवातीला युरोपीय स्पर्धा जिंकल्यावर गोर्श्कोव्हच्या फुप्फुसातली रक्तवाहिनी फुटली. मोठी शस्त्रक्रिया झाली. काही आठवड्यांत तो पुन्हा बर्फावर! जागतिक स्पर्धा होती कोलोरॅडो स्प्रिंग्जला, 1800 मीटर उंचीवर. तिथल्या विरळ हवेत नाचणं धोक्याचं होतं. माघार घ्यावी लागली.

(इन्सब्रुक, फेब्रुवारी 1976)

आइस डान्स पहिल्यांदाच ऑलिंपिक पदकांसाठी खेळला जात होता. सुवर्ण या दोघांचं. त्याच वर्षी सहावं जागतिक विजेतेपद, आणि निवृत्ती. पुढच्या वर्षी मुलगी झाली. मीला प्रशिक्षक बनली.

17 मे 1986 रोजी कर्करोगानं ती गेली, अवघ्या 39 व्या वर्षी. गोर्श्कोव्ह पुढे रशियाच्या फिगर स्केटिंग महासंघाचा अध्यक्ष झाला. 2022 मध्ये तोही गेला.

चायकोव्स्कायासोबत दोघांनी बसवलेला 'टँगो रोमँटिका' मात्र नियमपुस्तकात जाऊन बसला. 2018-19 च्या मोसमात जगभरातल्या वरिष्ठ जोड्यांना तो सक्तीचा होता. कुठलं पाऊल स्केटच्या कुठल्या कडेवर पडलं, हे पंच चित्रफीत मागेपुढे करून तपासत होते. मीलाला हा हिशेब कितपत रुचला असता, शंकाच आहे.