आधी ब्रेक, मग इंजिन

वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी दाखवायला मला कोणी बोलावले, की तिथे नवी बॅटरी बहुधा आधीच आणून ठेवलेली असते. एकदा तरी इंजिनाचा आवाज ऐकावा, एवढीच मालकाची इच्छा असते. त्या इच्छेपायी मी स्वतःही पस्तावलो आहे. नारायण पेठेतल्या एका वाड्यात पत्र्याच्या शेडखाली बारा वर्षे उभ्या असलेल्या प्रीमिअर पद्मिनीला मी उमेदीच्या वयात उत्साहाने सेल मारला. इंजिन जेमतेम अर्धा फेरा फिरले आणि आतून ‘टक्’ असा आवाज आला. टॅपेट कव्हर काढल्यावर दिसले, की एक व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये, म्हणजे ज्या नळीत तो वरखाली सरकतो तिच्यात, चिकटून बसला होता आणि त्याला उघडू पाहणारा पुशरॉड वाकला होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडावे, व्हॉल्व्हच्या दांड्यांवरही थेंब टाकावेत आणि दोन दिवस गाडीकडे फिरकू नये. मग क्रँकच्या पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हाताने फिरवावे. प्लग काढलेले असल्याने कॉम्प्रेशनचा अडथळा नसतो. म्हणूनच हात कुठे अडला, तर तिथे खरोखर काहीतरी अडले आहे असे समजावे आणि पान्याला पाइप लावून जोर करण्याचा मोह टाळावा. जुने ऑइल काढून नवे भरल्यावर, प्लग न लावताच, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल मारावा, म्हणजे कोरड्या बेअरिंगांपर्यंत ऑइल पोहोचते. एअर क्लीनर मात्र त्याआधी उघडून पाहावा. आपल्या पेठांमधल्या उंदरांना त्याच्याइतके उबदार घर दुसरे मिळत नाही.

पण हे सारे मी दुसऱ्या टप्प्यावर करतो. पहिला टप्पा ब्रेकचा, कारण सुरू न होणारी गाडी कोणाला इजा करत नाही, न थांबणारी करते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. पुण्याचे दहा-बारा पावसाळे पाहिलेल्या गाडीत ते पाणी व्हील सिलिंडरच्या, म्हणजे प्रत्येक चाकातल्या ब्रेकच्या छोट्या सिलिंडरच्या, तळाशी गंज धरवते आणि पिस्टन जाम होतात. डॉट ३ प्रतीच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनांक निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. दिवे घाट उतरताना ड्रम तापले आणि त्या ऑइलमधले पाणी उकळले, तर वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला जाते. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत चारही चाकांना मिळून पेडलने दाबला जाणारा एकच मास्टर सिलिंडर आणि एकच लाइन असे, म्हणजे एका ठिकाणी गळती झाली की सगळे ब्रेक गेले. म्हणून ड्रम वरून पुसून भागत नाही. सिलिंडरच्या रबर किट बदलाव्यात, आतील भिंतीला खड्डे पडले असतील तर सिलिंडरच बदलावा, आणि चाकांपर्यंत ब्रेक ऑइल नेणारे रबरी होज बाहेरून कितीही चांगले दिसले तरी ठेवू नयेत. टायरांचेही तेच. कडेवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष दिलेले असते, ते वाचावे. नक्षी शाबूत आहे ही सबब नाही.

जुने पेट्रोल वासावरूनच कळते. त्याला शिळ्या वॉर्निशसारखा दर्प येतो. टाकी उतरवून धुवावी. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि जुने रबर त्यासाठी बनवलेले नव्हते, त्यामुळे पेट्रोलचे पाइप आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, नवे घ्यावेत. डायफ्राम फाटला तर पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर सेल मारूच नये.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करण्याची सोय २०२१ च्या नियमांत आहे, तिला ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रोज मंडईत जायचे असेल, तर हा मार्ग आपल्यासाठी नाही. विमा आणि पीयूसी दोन्ही हवेतच.

नारायण पेठेतल्या त्या पद्मिनीचे काम पुढे चार महिने चालले. पहिल्या फेरीत मी ती सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर दोन किलोमीटर चालवली आणि उतरून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. तीन चाके कोमट होती, डाव्या बाजूचे पुढचे मात्र हात न धरवण्याइतके तापले होते. त्या चाकाचा होज चांगला दिसतो म्हणून मी तेवढा एकच जुना ठेवला होता. आतून फुगून त्याची वाट इतकी अरुंद झाली होती, की पेडल दाबले की ऑइल आत जाई, पण पाय काढल्यावर परत येत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाना पेठेत जाऊन नवा होज आणला आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा पुन्हा पहिल्यापासून काढली.