घरशाळा आणि दाखल्यातला एक रकाना

पाऊस बघून घरी न बसता आलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मुलाला घरी शिकवायचा पालकांचा हक्क की सरकारचा ताबा?’ वेळ दिलाय चाळीस मिनिटं. पहिल्या रांगेत निवृत्त गुरुजी बरेच दिसतात, म्हणून आधीच सांगून टाकतो, शाळा बंद करा म्हणायला मी आलेलो नाही. पेन्शन सुरक्षित आहे. (हशा)

आपण सगळे ‘सक्तीचं शिक्षण’ म्हणतो, पण सक्ती कुणावर हे कुणी विचारत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. त्याच्या आठव्या कलमात ‘सक्तीचं’ या शब्दाची फोड दिलीय. मुलाला दाखल करून घेणं, त्याची हजेरी लागते का बघणं, आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं करून घेणं, ही सरकारची जबाबदारी. म्हणजे सक्ती सरकारवर! पालक येतात दहाव्या कलमात. मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, एवढं एकच वाक्य. नाही घातलं तर? दंड नाही, कैद नाही. कलम तिथंच संपतं. ‘शाळा’ म्हणजे काय याचे चार प्रकार कायद्यात मोजून दिलेत, त्यात घर नाही. घरी शिकवू नका असंही कुठं म्हटलेलं नाही.

आता याच्या शेजारी आपल्या बेळगाव-निपाणी भागातली एक गोष्ट ठेवून बघा. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं लहानपणीचं शिक्षण कागलचं, म्हणजे निपाणीच्या उंबऱ्यावरचं. त्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. दिल्ली-कलकत्त्याला जमलं नाही ते कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये हुकूम काढून सुरू केलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. १९१७ चा रुपया हो! शेतकऱ्याला तो जाणवत होता. आजच्या कायद्यात पालकाला तेवढाही दंड नाही.

मग बेळगाव, खानापूर, निपाणीत पोरांना घरी ठेवून शिकवणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी का? कायद्याला भिऊन? नाही, शाळेच्या दाखल्याला भिऊन. आणि आता मी थोडा वाहवत जाणार आहे, अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

मूल पहिलीत गेलं की कर्नाटकात त्याला एसएटीएस क्रमांक मिळतो, म्हणजे राज्याच्या संगणकातला विद्यार्थी क्रमांक. देशपातळीवर यू-डायस या शाळांच्या नोंदप्रणालीत पेन नावाचा कायमचा क्रमांक वेगळा. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीचं पोर बेळगावात आलं की तिकडची शाळा त्याला टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, देऊन सोडते, नाव यू-डायसच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत पडतं, इकडची शाळा ते तिथून उचलते. जन्मतारखेत किंवा नावाच्या एका अक्षरात फरक असला की उचलता येत नाही. नाव अडकून बसतं आणि बाप दोन राज्यांच्या मधे मोटारसायकलवर. सात दिवस सलग गैरहजर राहिलं की इथं ‘शाळाबाह्य’च्या यादीत जाण्याचं भय, मग सीआरपी, म्हणजे शिक्षण खात्याचा समूह साधनव्यक्ती, दारात. ही झाली शाळेत जाणाऱ्या मुलाची तऱ्हा. जे शाळेत गेलंच नाही त्याचं काय?

समजा नऊ वर्षांची मुलगी घरीच शिकली आणि आता तिला चौथीत घालायचंय. कायदा तिच्या बाजूनं आहे, अगदी स्पष्ट. कलम ४ म्हणतं, वयाप्रमाणे वर्गात बसवा. मागं असेल तर खास प्रशिक्षण द्या, नियमांप्रमाणे कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नका. कलम ५ म्हणतं, टीसीला उशीर झाला तरी प्रवेश अडवू नका. आणि खिडकीतून उत्तर काय येतं? “आधी टीसी आणा.” जिनं शाळेचा उंबरा पाहिला नाही तिची शाळा सोडल्याची टीसी! लग्न न झालेल्या माणसाकडं घटस्फोटाचा कागद मागायचा प्रकार. (हशा)

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. तोंडी विचारू नका. तोंडी विचारलं की तोंडीच ‘नाही’ मिळतं. कागदावर अर्ज लिहा, ‘कलम ४ प्रमाणे वयानुरूप प्रवेश’ हे शब्द घाला, दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तो शिक्का मारायचा म्हटलं की निम्म्या खिडक्या प्रवेशच देऊन टाकतात. नाही दिला तर तीच प्रत बीईओंकडं, म्हणजे तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं, अर्जाला जोडून द्या. उशिरात उशिरा जूनमध्ये हे उरकावं. ऑगस्टमध्ये गेलात तर संगणक ऐकत नाही म्हणतात.

आणि त्या दाखल्यात काय काय असतं बघा. जात असते, तहसीलदाराकडं जातीचा दाखला काढताना तोच कागद पुढं येतो. अभियांत्रिकीला इथल्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, स्थानिक म्हणून बसायचं, तर बहुतेकांचं काम एका अटीवर होतं. पहिली ते बारावीत निदान सात वर्षं कर्नाटकात शिकल्याचा दाखला, त्यावर बीईओंची सही. घरशाळेच्या सात वर्षांवर बीईओ सही कशाच्या आधारावर करणार? आईच्या?

बरं, पलीकडं जावं म्हणाल, तर महाराष्ट्रानं, तो ज्यांवर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी प्रवेशाची वाट ठेवलीय. तिथं सीमाभागातला असल्याचा कागद लागतो आणि मातृभाषा मराठी असल्याचाही. तो दुसरा कागद मुख्याध्यापक देतात. मातृभाषा कोणती हे आईनं सांगून भागत नाही, शाळेनं लिहावं लागतं. हाच तो रकाना, ज्याचं नाव या व्याख्यानाला दिलंय.

इथं एक गंमत आहे. ‘मातृभाषा कोण ठरवणार’ या प्रश्नाचा देशातला सगळ्यात मोठा निकाल आपल्याच राज्याच्या खटल्यात लागलाय. कर्नाटक सरकारनं २९ एप्रिल १९९४ ला आदेश काढला, पहिली ते चौथी शिक्षण मातृभाषेत किंवा कन्नडमध्ये. खासगी इंग्रजी शाळांचे चालक कोर्टात गेले. ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं, मातृभाषा कोणती आणि माध्यम कोणतं हे पालक ठरवतील, सरकार लादू शकत नाही. घटनेच्या ३५०-अ चा अर्थ लावताना हे आलं. वीस वर्षांची लढाई, पालकांचा हक्क पक्का. आणि हक्क हातात आल्यावर आपण काय घेतलं? वडगाव, शहापूर, अनगोळ, कुठल्याही गल्लीत सकाळी आठला उभे राहा आणि इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या मोजा. मराठी शाळेचा पट घटतोय म्हणून भाषण करणाऱ्यांची नातवंडं त्याच गाड्यांत असतात. सभागृहात कुणाकडं बघून बोलत नाही मी. (हशा)

म्हणून घरशाळा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं पूर्ण वेळ घरी शिकणारं मूल येत नाही, संध्याकाळची चाळीस मिनिटं येतात. शाळा कन्नड असो की इंग्रजी, घरी मराठी लिहायला-वाचायला शिकवणं कुठल्याही कायद्यानं अडवलेलं नाही. हे गृहीत धरू नका. अमेरिकेत नेब्रास्कात एका मास्तराला दहा वर्षांच्या पोराला जर्मन वाचायला शिकवल्याबद्दल २५ डॉलर दंड झाला होता, तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९२३ मध्ये रद्द केला.

आता ही चाळीस मिनिटं वाया कशी जातात ते सांगतो. आई क ख ग पासून सुरू करते. कन्नड शाळेतल्या मुलाला त्याची गरजच नसते, कागुणित म्हणजे बाराखडी त्याला येते, फक्त आकार नवे. तो चुकतो जोडाक्षरात. कन्नडमध्ये ‘पुस्तक’ लिहिताना स पूर्ण लिहितात आणि त बारीक होऊन खाली जातो. आपल्याकडं उलटं, स अर्धा आणि त पूर्ण. त्यामुळं ते मूल बिनचूक ‘पुसतक’ लिहितं. आई म्हणते लक्ष नाही. लक्ष आहे हो, लिपी वेगळी आहे! उलट रफार त्याला पटकन जमतो. कन्नडमध्ये ‘अर्थ’ लिहिताना र ची खूण थ च्या पुढं येते, अर्कावत्तु म्हणतात तिला. उच्चार आधी, खूण नंतर, ही सवय हाताला असते. ती खूण फक्त डोक्यावर चढवायला सांगायची. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ दोन-दोन आहेत, आपल्यात एकच, त्यामुळं मूल मधेच विचारतं, “यातला कुठला?” त्याला मूर्ख समजू नका, त्याचा कान तुमच्यापेक्षा तयार आहे.

इंग्रजी शाळेतल्या मुलाची अडचण दुसरी. त्याला त आणि ट, द आणि ड एकच वाटतात. ‘दार’ आणि ‘डाग’ शेजारी ठेवून उपयोग नाही, ‘दाट-डाट’, ‘तीन-टीन’ अशा जोड्या मोठ्यानं म्हणून घ्या, मगच लिहायला द्या.

जोडाक्षरांचा क्रम असा ठेवा. आधी दांडीची अक्षरं, ग, त, न, प, म, स, ज्यांची दांडी काढली की अर्धी होतात. मग क आणि फ, त्यांची शेपटी कापायची. मग ट, ड, द, ह, जिथं पाय मोडावा लागतो किंवा अक्षर पोटात घ्यावं लागतं. र सगळ्यात शेवटी, कारण त्याची चार रूपं आहेत: अर्क, चक्र, राष्ट्र आणि दुसऱ्या. चारही एका दिवशी शिकवली तर मूल पळून जातं, आणि त्याचं बरोबर आहे. रोज दहा शब्द, त्यातले सात कालचे. पुस्तक विकत घ्यायला नको, बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. ‘सात मिनिटं.’ आणि ज्या विषयासाठी बोलावलं तो तर आत्ता सुरू होतोय. (हशा) तर पटापट.

एक. घरशाळेचा हक्क कोर्टात मागायच्या आधी परीक्षेचं दार कुठं उघडं आहे ते बघा. राष्ट्रीय मुक्त विद्यालय, एनआयओएस, दहावीला वय चौदा पूर्ण पाहिजे. शाळेत न गेलेल्यानं स्वतःच लिहून द्यायचं की मी या अभ्यासक्रमाइतकं शिकलोय. विषय पाच, त्यात एक तरी भाषा. मराठी भाषेचा क्रमांक २०४, कन्नड २०८, गणित २११, विज्ञान २१२. कन्नडही घ्या, इथंच राहायचंय. परीक्षा वर्षातून दोनदा, नोंदणी पाच वर्षं चालते, सुटलेले विषय पुढं धरले जातात. घरून लिहून पाठवायच्या कामाला २० टक्के गुण आहेत. ते मुदतीत न पाठवता थेट परीक्षेला बसतात आणि मग नापास झालो म्हणतात. नंतर इथं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, जाताना स्थलांतर प्रमाणपत्र लागतं आणि पात्रतेचा कागदही. निकालाच्याच आठवड्यात मागा.

दोन. चार घरांनी मिळून मुलं एका हॉलमध्ये बसवली, बाई ठेवल्या, फी लावली, की ती घरशाळा राहत नाही. कलम १८ खाली विनामान्यता शाळा ठरू शकते, एक लाखापर्यंत दंड, चालूच ठेवली तर दिवसाला दहा हजार. दंड आहे तो इथं. संध्याकाळचा मराठी वर्ग घेणाऱ्यांनी मुलाचं नाव दुसऱ्या शाळेच्या पटावर आहे याची नोंद वहीत ठेवावी.

तीन, आणि हे माझं खरं म्हणणं. सरकारनं घरात येऊन बघू नये, असं मी म्हणत नाही. खानापूरच्या जंगलातल्या आमगाव-गवाळीकडं पावसाळ्यात मूल घरी असतं ते घरशाळेमुळं नाही, ओढ्याला पाणी असतं म्हणून. तिथं ‘पालकांचा हक्क’ म्हणून हात झटकायला सरकारला मोकळीक नको. पहिली ते पाचवी एक किलोमीटरवर शाळा, हे नियमात आहे, ते आधी द्या. पण ज्या घरात शिकवणं खरोखर चाललंय त्या मुलाची तिसरी, पाचवी आणि आठवीला तपासणी करा, उत्तीर्ण झालं की शाळेच्या दाखल्याइतक्याच किमतीचा कागद द्या. एनआयओएसकडं या तीन पातळ्या आधीच आहेत, नवं काही उभं करायला नको. त्या कागदावर सात वर्षांचा अभ्यास धरला जावा, आणि मातृभाषेचा रकाना पालकानं भरावा. २०१४ च्या निकालानं तो अधिकार पालकाला दिलाच आहे, फॉर्मवर अजून उतरलेला नाही.

दुसरी चिठ्ठी. बरं, थांबतो. प्रश्न चहानंतर. फक्त एक, अर्ज भरताना नावाचं स्पेलिंग. चौगुले कुणी ओ-यू लावून लिहितं, कुणी ए-यू. जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं असेल तर आधी ते एक करून घ्या, त्याला महिना जातो. आणि घरात कुणाला विचारू नका, प्रत्येक जण वेगळं सांगेल. कागद समोर ठेवून एकेक अक्षर बघून लिहा.