फिरतीच्या कामासाठी लॅपटॉप घेताना

श्रोतेहो, नमस्कार. विमा प्रतिनिधी, तालुक्याचे बातमीदार, सर्वेक्षणासाठी गावोगाव हिंडणारे कार्यकर्ते, आज एका तर उद्या दुसऱ्याच कार्यालयात हिशेब तपासायला जाणारे लेखापाल, अशा सगळ्यांशी आज बोलायचं आहे. लॅपटॉप घ्यायला दुकानात गेलात की प्रोसेसरची चौकशी नंतर करा. आधी विचारा, बॅटरी किती वॉट-अवरची आहे, म्हणजे तिच्यात किती वीज मावते?

‘दहा तास चालते’ हा जाहिरातीतला दावा बहुधा स्क्रीन मंद ठेवून, हलक्या कामावर मोजलेला असतो. वॉट-अवरचं तसं नाही, तो आकडा बॅटरीवरच छापलेला असतो. लेखन, ईमेल, एक्सेल एवढंच चालू असेल, तर लहान लॅपटॉप साधारण 7 ते 8 वॉट वीज खातो. वॉट-अवरला वॉटने भागलं की तास मिळतात, म्हणजे 56 वॉट-अवरची बॅटरी सात तास निभावेल आणि 38 ची जेमतेम पाच. व्हिडिओ कॉल लावलात की हे तास झपाट्याने घटतात. इंटेलचा प्रोसेसर असेल, तर त्याच्या क्रमांकाशेवटचं अक्षर पाहा. ‘यू’ कमी वीज खाणारा, ‘एच’ जास्त. फिरतीला ‘यू’ पुरेसा आहे.

चार्जिंग यूएसबी-सी पोर्टवरून होतं ना, हेही विचारून घ्या. तसं असेल तर 65 वॉटच्या एकाच चार्जरवर लॅपटॉप आणि फोन दोन्ही भागतात. पॉवर बँकही कामी येते, फक्त ती लॅपटॉपला पुरेल इतके वॉट देणारी हवी. 20,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे 74 वॉट-अवर. विमानात 100 वॉट-अवरपर्यंतची नेता येते, पण हातातल्या सामानातच.

आता कीबोर्ड. मराठीत टाइप करणाऱ्यांनी इथे घाई करू नये. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत च, ट, ड, य ही अक्षरं उजव्या कडेच्या चिन्हांच्या बटणांवर येतात, आणि लहान लॅपटॉपमध्ये जागा वाचवण्यासाठी नेमकी तीच बटणं अरुंद केलेली असतात. दुकानात उभ्या उभ्या एक परिच्छेद टाइप करून बघाच. दुकानदार कंटाळला तरी चालेल!

स्क्रीन 13 किंवा 14 इंची आणि चकाकी नसलेली घ्या. एसटीच्या खिडकीशी बसायचं असेल, तर स्क्रीनचा उजेड 400 निट्सच्या आसपास हवा; निट्स हे उजेडाचं माप. वजन चार्जरसकट मोजा. रॅम, म्हणजे चालू कामासाठीची मेमरी, बऱ्याचदा बोर्डवरच पक्की जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही; म्हणून जमलं तर 16 जीबीच घ्या.

पैसे कमी असतील, तर कंपन्यांनी वापरून काढलेले ऑफिसचे लॅपटॉप मला स्वस्तातल्या नव्यापेक्षा बरे वाटतात. त्यांचा कीबोर्ड चांगला असतो, बिजागरी दणकट असते. मात्र पैसे देण्याआधी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता, दोन्ही आकडे दिसतात. आजचा आकडा मूळच्या निम्म्यावर आला असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागा.