झेल

(दृश्य: काळा पडदा. हळूहळू एका जुन्या कॉमिकचं पान उजळतं. कॅमेरा एकाच चौकटीवर.)

एक मुलगी पुलावरून खाली पडते आहे. हिरवा कोट, केसांत काळी पट्टी, सोनेरी केस वाऱ्यावर. वरून एक पांढरा धागा सुटतो, तिच्या पायांना येऊन चिकटतो आणि तिचं पडणं थांबतं. वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. पण आता तिच्या मानेजवळ बघा. तिथे बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलाय. 'स्नॅप'. वाळकी काडी मोडावी तसा.

हे पान मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेत असताना, फोर्टच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगासमोर उकिडवा बसून. तेव्हा त्या आवाजाकडे माझं लक्षच गेलं नाही. घरी आणून पुन्हा वाचताना गेलं, आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. त्यानंतर सुपरहिरोंच्या खूप गोष्टी वाचल्या. ग्रह फुटतात, विश्वं एकमेकांवर आदळतात, सगळं वाचलं. पण सगळ्यात आवडती गोष्ट कोणती असं कुणी विचारलं, की मी त्याच मोजक्या पानांवर येऊन थांबतो. त्या पानांवर जगबुडी नसते. कुणीतरी एकजण पडत असतो, किंवा कुणाच्या तरी पाठीवर वजन असतं, आणि दुसऱ्या कुणाचे तरी हात तिथवर पोचायला धडपडत असतात.

(दृश्य: १९६५ चं मुखपृष्ठ. न्यूयॉर्कच्या जुन्या रस्त्यांची छायाचित्रं.)

'द अमेझिंग स्पायडर-मॅन', अंक ३१, डिसेंबर १९६५. पीटर पार्करचा, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडर-मॅनचा, कॉलेजातला पहिला दिवस, आणि मे काकू हॉस्पिटलात. काकू म्हणजे त्याची आईच. आईवडिलांमागे तिनेच त्याला वाढवलंय. नव्या वर्गातली मुलं आपणहून बोलायला येतात, पण याच्या कानांवर काही पडतच नाही. सोनेरी केसांच्या एका मुलीला वाटतं, काय शिष्ट आहे हा! तिचं नाव ग्वेन स्टेसी. हा तिचा पहिला अंक. तिच्यापुढे अजून साडेसात वर्षं आहेत.

काकूच्या आजाराचं कारण कळतं तेव्हा पोटात गोळा येतो. मागे एकदा पीटरने तिला स्वतःचं रक्त दिलेलं असतं. ज्या किरणोत्सारी अंशाने त्याला शक्ती दिली, तोच आता तिला आतून मारतोय. उपाय एकच, आयएसओ-३६ नावाचं औषध, आणि ते डॉक्टर ऑक्टोपस या खलनायकाची माणसं पळवून नेतात. पीटर त्याच्या पाण्याखालच्या अड्ड्यात शिरतो. मारामारीत अड्डा खिळखिळा होतो, आणि ३२ व्या अंकाच्या शेवटी पीटर एका अवाढव्य यंत्राखाली अडकून पडलेला दिसतो. औषधाचा डबा समोरच आहे. हातातोंडाशी आलेला घास, पण हात पोचत नाही. छतातून पाणी गळायला लागलंय. आणि पुढचा अंक महिन्याभराने!

(दृश्य: ३३ व्या अंकाची पानं, एकामागून एक. इथे घाई करू नये.)

ही चित्रं स्टीव्ह डिट्को यांची. कथानकही तेच रचत होते, संवाद स्टॅन ली लिहीत होते. दोघांचं एकमेकांशी बोलणं तोवर बंद पडलं होतं, तरी पानावर त्याची चाहूलही लागत नाही. डिट्कोंनी काय केलं, तर एक वजन उचलायला पाच पानं घेतली. वीस पानांच्या गोष्टीतली पाच! मारामारी नाही, खलनायक नाही, समोर दुसरं माणूसच नाही. आधी यंत्र मोठं आणि पीटर त्याच्या बुडाशी एवढासा. तो जोर लावतो, जमत नाही. बेन काकांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो, ज्यांना तो वाचवू शकला नव्हता. मग काकूचा. पुन्हा जोर. पाठ इंचभर वर येते, पुन्हा बसते. पान उलटत जावं तसा तो यंत्राच्या मानाने मोठा होत जातो, आणि मग एक अख्खं पान येतं, एकाच चित्राचं. यंत्र डोक्यावरून मागे उलथतंय, पाणी कोसळतंय, आणि तो सरळ उभा.

मला मात्र त्या मोठ्या चित्राइतकीच आधीच्या चौकटींतली त्याची बोटं आवडतात. डिट्कोंचे हात ज्यांनी निरखलेत त्यांना कळेल मी काय म्हणतोय. ताणलेली, फाकलेली, लोखंडात रुतू पाहणारी बोटं. चेहरा मुखवट्याआड असतो, त्यामुळे सगळी घालमेल हातांत उतरते. इस्पितळातल्या बाकड्यावर डॉक्टरची वाट बघत बसलेल्या माणसाचे हात मी पाहिलेत. ते असेच असतात.

काकू वाचते. ठेचकाळलेला पीटर एकटाच निघून जातो. काही महिन्यांनी, ३८ व्या अंकानंतर, डिट्कोही निघून गेले, आणि चित्रांची जबाबदारी जॉन रोमिता यांच्याकडे आली. रोमितांनी ग्वेनला जे रूप दिलं, ते वाचकांच्या मनात बसलं.

(दृश्य: इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक, कडा पिवळ्या पडलेल्या.)

इथे जरा आपल्याकडे वळतो. महाराष्ट्रातल्या एका पिढीला मुखवट्यातला वीर पहिल्यांदा भेटला तो वेताळाच्या रूपात. टाइम्सवाल्यांचं इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं आणि मराठीतूनही यायचं. जंगलातल्या लोकांना वाटे वेताळ अमर आहे. वाचकाला खरं ठाऊक असे: बाप जातो, मुलगा तोच मुखवटा चढवतो, आणि कवटीच्या गुहेत आधीच्या वीस वेताळांची थडगी आहेत. म्हणजे मरण आपल्या वाचकाला नवं नव्हतं. पण ते मरण वंशावळीतलं, गोष्ट सुरू होण्याआधीच होऊन गेलेलं. डोळ्यांदेखत, ऐन गोष्टीत, वीराचे हात पोचलेले असताना आपलं माणूस जाईल, असं तिथे कधी वाटलं नाही.

(दृश्य: अंक १२१, जून १९७३.)

लेखक जेरी कॉनवे. वय २०. हे वय मी मुद्दाम सांगतोय. पीटरही साधारण त्याच वयाचा, ग्वेनही. मालिकेतलं कुणीतरी जाणार हे ठरत होतं, आधी नाव मे काकूचं होतं. रोमिता म्हणाले, ग्वेन. त्यांना १९४१ सालची एक वर्तमानपत्री चित्रमालिका आठवत होती, मिल्टन कॅनिफ यांची. तिच्यात रेव्हन शर्मन नावाची नायिका मेली होती आणि वाचकांनी खरोखर शोक केला होता. म्हातारी काकू गेली असती तर वाचक हळहळला असता आणि पुढच्या अंकाला लागला असता. हा सल्ला क्रूर होता, आणि बरोबर होता.

अंकाच्या पहिल्या पानावर गोष्टीचं नावच नाही. ते शेवटच्या पानावर आहे, कारण नावातच सगळं होतं: 'ज्या रात्री ग्वेन स्टेसी गेली'. आत गिल केन यांची चित्रं. पीटर सर्दीने बेजार आहे, अंगात ताप, डोकं जड. नॉर्मन ऑस्बॉर्नला आपणच ग्रीन गॉब्लिन नावाचा खलनायक असल्याचं पुन्हा आठवतं आणि तो ग्वेनला पळवून पुलाच्या टोकावर नेतो. मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन पूल लिहिलाय, चित्रात ब्रुकलिनचा पूल दिसतो. वाचक त्यावर आजही वाद घालतात.

गॉब्लिन तिला ढकलतो. धागा सुटतो, पायांना धरतो. आणि आता जे होतं ते मला अजून बघवत नाही. पीटर खूश होतो. तिला वर ओढता ओढता स्वतःची पाठ थोपटून घेतो, माझ्यासारखा कोण आहे असं काहीतरी बडबडतो. आपण मात्र ती चार अक्षरं वाचलेली असतात. दोन-तीन चौकटी आपल्याला माहीत आहे आणि त्याला माहीत नाही. मग ती हातात येते. मान लवलेली. तो तिच्याशी बोलत राहतो.

गॉब्लिन म्हणतो, एवढ्या उंचीवरून पडल्यावर माणूस खाली पोचायच्या आधीच मरतो. हे खोटं आहे, आणि मला वाटतं पीटरलाही आतून ते ठाऊक असतं. काही महिन्यांनी, १२५ व्या अंकातल्या वाचकांच्या पत्रांच्या पानावर संपादकांनी लिहूनच टाकलं: धाग्याने ती एकदम थांबली, त्या हिसक्याने तिची मान मोडली.

(दृश्य: मैदान. संध्याकाळ. मुलं उंच झेल घ्यायचा सराव करतायत.)

मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जेम्स काकालियोस यांनी या पानावरून विद्यार्थ्यांना गतीचे नियम शिकवलेत. हिशेब साधा आहे. समजा ती ३०० फूट पडली. तोवर तिचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात जातो. तो वेग अर्ध्या सेकंदात शून्यावर आणायचा, तर शरीराला स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊ पट हिसका बसतो. तोच वेग हळूहळू कमी केला असता, तर ती वाचली असती.

हे आपल्याकडे मैदानावरच्या दहा वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. झेल घेताना हात ताठ ठेवायचे नाहीत. बॉल हातात आला की हात त्याच्याबरोबर मागे न्यायचे. ताठ धरलेस तर बोटं मोडतील, नाहीतर बॉल उडेल. पीटरचा नेम चुकला नाही. शक्ती कमी पडली नाही, वेळ चुकली नाही. त्याने फक्त झेल ताठ हातांनी घेतला. सात वर्षांपूर्वी ज्या हातांनी टनावारी लोखंड उचललं, त्यांना पडणारं एक माणूस अलगद घेता आलं नाही.

स्टॅन ली कॉलेजांमधून भाषणं द्यायला जात, तिथे पोरं त्यांना जाब विचारत. वाचक चिडले, आणि ते चिडणं मला समजतं. आठवड्याभरात उठून बसेल असं हे मरण नव्हतं. पुढच्या अंकात पीटर गॉब्लिनला गाठतो, मारता मारता हात आवरतो, आणि गॉब्लिन स्वतःच्याच उडत्या यानाने भोसकला जातो. सूड उगवल्याचं समाधान तिथे कुणालाच मिळत नाही.

त्या १२२ व्या अंकाचं शेवटचं पान मला सूडापेक्षा फार मोठं वाटतं. पीटर घरी येतो. तिथे मेरी जेन आहे, ग्वेनची मैत्रीण, पार्ट्यांत रमणारी, कशाचंच ओझं न घेणारी. पीटर तिला नाही नाही ते बोलतो. तुझी आई मेली तरी तुला काही वाटणार नाही, इथपर्यंत. ती रडत दारापाशी जाते. दार उघडं आहे, हात दारावर. एक चौकट ती तशीच उभी. मग ती दार लावून घेते, आणि आतच राहते. बस्स, अंक संपतो. त्या खोलीत कुणाहीपाशी काही शक्ती नाही.

(दृश्य: चित्रपटगृहातला अंधार, प्रेक्षकांचे चेहरे.)

हा झेल पुढे पडद्यावरही सुटला, २०१४ च्या चित्रपटात, घड्याळाच्या मनोऱ्यात. २०२१ च्या 'नो वे होम'मध्ये त्याच स्पायडर-मॅनपुढे पुन्हा एक मुलगी पडते. या वेळी तो लांबून धागा फेकून थांबत नाही, स्वतः उडी घेतो, तिला मिठीत धरतो आणि उतरल्यावर रडायला लागतो. ज्यांनी ते जुनं पान वाचलेलं होतं, त्यांच्या डोळ्यांत का पाणी आलं, हे शेजारी बसलेल्याला सांगत बसायला तेव्हा वेळ नव्हता.

'एक्स-मेन'मधल्या डार्क फीनिक्सचं नाव इथे घेतलं नाही तर मित्र रागावतील. १९८०, क्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न. जीन ग्रे, हीच ती डार्क फीनिक्स, एक तारा गिळते आणि त्याच्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव संपतात. लेखक-चित्रकारांनी तिला शेवटी शक्ती काढून घेऊन जिवंत ठेवलं होतं. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले, एवढ्या संहाराची शिक्षा झालीच पाहिजे. म्हणून १३७ व्या अंकात जीन चंद्रावर स्वतःचा शेवट करते. गोष्ट थोर आहे. पण पाच अब्ज मला मोजता येत नाहीत. एक मोजता येतो.

(दृश्य: मोकळं आकाश. उंच इमारतीची कड.)

म्हणून शेवटी 'ऑल-स्टार सुपरमॅन'चा दहावा अंक, २००८. लेखक ग्रँट मॉरिसन, चित्रकार फ्रँक क्वाइटली. सुपरमॅन मरणाच्या वाटेवर आहे, हाताशी थोडे दिवस, आणि कामांचा डोंगर. शहरात एका ठिकाणी गोंधळ उडालाय आणि त्यात अडकलेला एक डॉक्टर फोनवर कुणाला तरी थांब म्हणून विनवतोय. घाईत वाचलं तर हे लक्षातही राहत नाही.

बऱ्याच पानांनंतर उंच इमारतीच्या कडेला एक मुलगी उभी दिसते. नाव रीगन. डोळे मिटलेले, हातातला फोन सुटून खाली चाललाय. सुपरमॅन ती पडायची वाट बघत नाही. तो तिच्या मागे उभा आहे. वाऱ्याच्या वेगाने उडणारा माणूस, त्या कडेवर नुसता उभा. तो तिला सांगतो की तुझे डॉक्टर खरंच अडकले होते. तुला वाटतं त्यापेक्षा तू कितीतरी खंबीर आहेस, असंही सांगतो. ती वळते आणि त्याला घट्ट मिठी मारते. एकच पान. पुढचं पान दुसऱ्याच कामाचं.

ग्वेनच्या पानाशेजारी मी हे पान ठेवतो. दोन्हीकडे उंची आहे, एक मुलगी आहे, आणि अफाट शक्तीचा एक माणूस. इथे तो फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि त्या हाताचा आवाज कुठे लिहिलेला नाही.