पहाटे पाचचं पाणी कोण मोजणार?

(व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादन करून)

नमस्कार मंडळी. इथे बसलेले बरेचसे लोक गळ टाकणारे आहेत हे मला माहितीये, त्यामुळे नदी किती सुंदर वगैरे ते तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही, आपण नदीच्या नोंदी का आणि कशा ठेवायच्या ते सांगायचंय, तर थेट ऑक्सिजनवर येतो.

पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन दिवसभर सारखा नसतो. शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात ऑक्सिजन तयार करतात आणि रात्री मात्र सगळेच तो नुसता वापरत बसतात, वनस्पती, मासे, तळातले जिवाणू सगळे, त्यामुळे तो सगळ्यात कमी होतो उजाडायच्या जरा आधी. आता पाण्याचा नमुना घ्यायला सरकारी माणूस येतो कधी? ऑफिसच्या वेळात. दुपारी दोनला बाटली भरली की रिपोर्ट झकास येतो, आणि मासे तर पहाटेच गुदमरलेले असतात. त्यात पाणी गरम असेल तर अजूनच वाईट, कारण 0 अंशाला एका लिटरमध्ये साधारण 14.6 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 20 अंशाला तो 9 च्या आसपास येतो आणि 30 अंशाला जेमतेम साडेसात. आणि पहाटे पाचला नदीवर कोण असतं? आपणच की. पावसात, सुट्टीच्या दिवशी, रात्री, जेव्हा कोणी बघत नाही असं समजून सांडपाण्याचे पाइप उघडले जातात तेव्हाही आपल्यातला कोणीतरी काठावर असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण तिथे असतोच, फक्त लिहून ठेवत नाही.

"पूर्वी इथे काय मासे होते राव" हे वाक्य प्रत्येक नदीवर ऐकायला मिळतं. खरंही असेल, पण त्याचा उपयोग शून्य. पूर्वी म्हणजे कधी, काय मासे, किती तास बसून किती मिळाले, हे नसेल तर समोरचा अधिकारी मान हलवतो आणि चहा मागवतो.

आता एक उदाहरण नीट सांगतो, कारण मला ते सगळ्यात जास्त पटलेलं आहे. ब्रिटनमध्ये 2007 पासून गळ टाकणाऱ्यांचा एक उपक्रम देशभर चालू आहे, रिव्हरफ्लाय मॉनिटरिंग म्हणतात त्याला. उथळ खळखळत्या पाण्यात उभं राहायचं, जाळी प्रवाहात धरायची आणि तिच्या वरच्या अंगाला पायाने तळ ढवळायचा, तीन मिनिटं, शिवाय एक मिनिट दगड उचलून हाताने शोधायचं. जे जाळीत येतं ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि तळात राहणाऱ्या किड्यांचे फक्त आठ गट ओळखायचे, मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय या उडणाऱ्या किड्यांची पाण्यात वाढणारी पिल्लं, म्हणजे मेफ्लायचे चार गट, कॅडिसचे दोन, स्टोनफ्लायचा एक आणि गोड्या पाण्यातला तो छोटा झिंग्यासारखा गॅमॅरस. एकेक किडा मोजत बसायचं नाही, 1 ते 9 असतील तर 1 गुण, 10 ते 99 ला 2, 100 ते 999 ला 3, हजार किंवा वर असेल तर 4. सगळे गुण मिळवायचे. त्या जागेसाठी आधीच ठरवलेल्या आकड्याच्या खाली बेरीज गेली की लगेच पर्यावरण खात्याला कळवायचं. झालं, एवढंच. मायक्रोस्कोप नाही, डिग्री नाही, एका दिवसाचं ट्रेनिंग.

हे किडेच का? कारण पाणी वाहून जातं, किडे जात नाहीत. मंगळवारी रात्री कोणी काही ओतलं आणि तुम्ही शुक्रवारी बाटली भरली तर बाटलीत काहीच सापडणार नाही, पण तळातले किडे मेलेले असतील आणि त्यांची जागा परत भरायला महिने जातात.

2013 च्या जुलैमध्ये नेमकं हेच झालं. केनेट नावाची नदी आहे इंग्लंडमध्ये, मार्लबरो गावाच्या खालच्या अंगाला तिथल्या स्वयंसेवकांनी नेहमीसारखा तळ ढवळला तर ट्रेमध्ये गॅमॅरस जवळपास नाहीच. मासे जिवंत, पाणी स्वच्छ काचेसारखं, वरून बघणाऱ्याला कळायचं कारणच नाही. त्यांनी कळवलं, खात्याने तपास केला आणि निघालं क्लोरपायरीफॉस, कीटकनाशक, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून नदीत आलेलं. साधारण 15 किलोमीटरच्या पट्ट्यातले किडे संपले होते. आता विचार करा, त्या लोकांकडे आधीच्या महिन्यांचे आकडे नसते तर "यावेळी किडे कमी दिसतायत" याला कोणी विचारलं असतं? ज्या दिवशी सगळं ठीक होतं त्या दिवसांच्या कंटाळवाण्या नोंदींनीच हे प्रकरण उघडकीला आणलं.

आणि हाच आपला सगळ्यात मोठा घोळ असतो. आपण लिहितो कधी, तर मोठा मासा लागला की. फोटो, वजन, स्टेटस. रिकाम्या हाताने परत आलो त्या दिवसाची नोंद कोण करतो? लाज वाटते. पण शास्त्राच्या दृष्टीने तीन तास बसलो आणि काही नाही ही फार किमतीची माहिती आहे, कारण दर तासाला किती मासे हे काढायचं तर रिकामे तासही धरावे लागतात, नाहीतर नदी रिकामी होत गेली तरी तुमच्या फोटोंच्या अल्बममध्ये ती कायम भरलेलीच दिसणार.

अशा वहीची ताकद बघायची तर कावेरीचं बघा. तिथल्या एका फिशिंग कॅम्पवर पकडून परत सोडलेल्या महाशीरांच्या नोंदी होत्या, 1998 पासून 2012 पर्यंतच्या. संशोधकांनी त्या उघडल्या तर चित्र विचित्र होतं, महाशीर तर भरपूर मिळत होते, उलट वाढलेच होते, पण ते निळ्या परांचे, हॅचरीत म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवून बाहेरून आणून सोडलेले. कावेरीचा स्वतःचा तो कुबड असलेला महाशीर, पन्नास किलोच्या वर जाणारा, तो नोंदींमधून जवळजवळ गायब होत चालला होता. नुसतं "महाशीर मिळाला" एवढंच लिहिलं असतं तर हे कधीच दिसलं नसतं. त्या माशाचं शास्त्रीय नाव टोर रेमादेवी हे 2018 मध्ये पक्कं झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत गेला. म्हणजे ज्या माशासाठी जगभरातून लोक येत होते त्याला तोवर धड शास्त्रीय नावही नव्हतं, आणि त्याच्या घसरणीचा हिशोब मात्र गळ टाकणाऱ्यांच्या वहीत पडून होता.

आता टेक्नॉलॉजी. इथे लोकांना एकदम ड्रोन आणि सेन्सर हवे असतात, मी म्हणतो थांबा. आधी थर्मामीटर. त्याच जागी, त्याच खोलीवर, दर वेळी. त्यानंतर घ्यायचा तर कंडक्टिव्हिटी मीटर, पेनएवढा असतो, पाण्यातले विरघळलेले क्षार किती ते एका आकड्यात सांगतो. तो आकडा एरवी तुमच्या जागेवर एका पट्ट्यातच फिरतो आणि पाऊस नसताना अचानक उडी मारली की समजायचं वरून काहीतरी येतंय. काय येतंय ते तो सांगत नाही, पण कुठून येतंय ते तुम्ही वर चालत जाऊन शोधू शकता, प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी बुडवत बुडवत. फॉस्फेट आणि नायट्रेटसाठी रंग बदलणारी किट मिळतात. इंग्लंडमध्ये अँगलिंग ट्रस्टने, म्हणजे गळ टाकणाऱ्यांच्या संघटनेने, 2022 मध्ये सेव्हर्न नदीपासून असंच काम सुरू केलं, क्लबच्या लोकांनी दर महिन्याला ठरलेल्या जागी मोजायचं. महिन्यातून एकदा, न चुकता, एवढंच तर आहे.

पाण्यातला डीएनए तपासणं हे मात्र खरंच कमालीचं आहे, पाणी गाळायचं, फिल्टर लॅबला पाठवायचा आणि मासा न बघताच तो तिथे आहे का ते कळतं. पण तो वरून वाहत आलेला डीएनएही असू शकतो आणि मासे किती आहेत हे त्यातून नीट कळत नाही, त्यामुळे वही बंद करायची नाही. आणि एक फुकटची युक्ती, तुमचा पोलराइज्ड गॉगल मोबाइलच्या लेन्ससमोर धरा आणि जरा फिरवा, पाण्यावरची चमक जाते आणि तळाचा फोटो येतो.

मगाशी एकाने हळूच विचारलं, नोंद टाकली तर माझी जागा सगळ्यांना कळेल त्याचं काय. प्रश्न अगदी रास्त आहे, उगाच उदात्त बोलण्यात अर्थ नाही, जागा फुटली की गर्दी होते आणि मग जाळी लावणारेही येतात. आयनॅचरलिस्टसारख्या, प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकायच्या अ‍ॅपमध्ये जागा धूसर करायची सोय आहे, लोकांना ढोबळ भाग दिसतो आणि नेमकी जागा तुमच्याकडेच राहते. क्लबची वही असेल तर जागांना नंबर द्या आणि नंबरांचा नकाशा दोघांकडेच ठेवा.

या नोंदी कोर्टातही लागतात हे विसरू नका. ब्रिटनमध्ये 1948 ला गळ टाकणाऱ्यांनी प्रदूषणाविरुद्ध खटले लढायलाच संघटना काढली आणि 1953 च्या गाजलेल्या डर्बीच्या खटल्यात एका अँगलिंग क्लबने डरवेंट नदीसाठी कारखाना, नगरपालिका आणि वीज मंडळ तिघांनाही कोर्टात उभं केलं. सांडपाणी, कारखान्याचं पाणी, वीजकेंद्राचं गरम पाणी, सगळं त्यात होतं. मनाईहुकूम मिळाला.

शेवटचं, मेलेले मासे दिसले तर काय करायचं. घरी जाऊन संध्याकाळी फोन करू म्हणू नका, काठावरूनच करा, कारण पाणी सेकंदाला अर्धा मीटर जरी वाहत असलं तरी तासाभरात ते 1.8 किलोमीटर पुढे गेलेलं असतं. वेळ लिहा, मोबाइलचं लोकेशन घ्या, हाताने काही उचलू नका. फोटोत माशाशेजारी मोजमापाचं काहीतरी असू द्या, रॉडसुद्धा चालेल. मग वर चालत जा, जिवंत मासे आणि नेहमीचं पाणी दिसेपर्यंत, आणि ती जागाही नोंदवा, कारण पाइप या दोन जागांच्या मधेच कुठेतरी असणार. तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि वहीत त्याच पानावर लिहा. मी बाहेर टेबलावर ट्रे आणि जाळी मांडून ठेवलीय, आठ गटांचे किडे फोटोत नाही तर प्रत्यक्ष बघायचे असतील त्यांनी तिकडे यावं, भिंग एकच आहे तेव्हा जरा रांगेने.