एकविसावा दिवस

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. कापूस वेचणीचे दिवस, गल्लीत शुकशुकाट. पहिलटकरीण माहेरी आली आहे, पण आई वावरात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते; लेकीपाशी बसलं तर ती बुडते. घरात आजी आणि बाजेखाली धुमसणारी शेगडी.

आशाताई बाळाला झोळीच्या काट्यात ठेवते. तीन किलो शंभर. बेंबी कोरडी, ताप नाही. "अंगावरून जास्त जाते का?" बाळंतीण मान हलवते. उशाशी डिंकाचा लाडू, एक घास खाल्लेला. बाकीच्याला मुंग्या लागल्यात.

आशाताई वही मिटते.

"लेकरू झोपल्यावर तुले झोप येते का वो?"

"नाई येत." मग बऱ्याच वेळाने, "त्याले घ्याव वाटत नाई मले, ताई."

आजी दारातून म्हणते, "आमी पाच काढले, आमाले नाई झालं असं." आजी दुष्ट नाही. रात्री उठून दुपटी बदलते तीच, रोज मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते तीही तीच. तिला ठाऊक असलेले सगळे उपाय करून झालेत.

पहिल्या पंधरवड्यात उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ बाळंतिणींना होतं आणि ओसरतं. दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, अन्न-झोप तुटली असेल, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, विकसनशील देशांत बाळंतपणानंतर जवळपास पाचांतल्या एकीला मानसिक आजार होतो, बहुतेक वेळा नैराश्यच. समुपदेशनाने फरक पडतो. गोळ्या लागल्याच, तर अंगावर पाजताना चालतील अशा डॉक्टर निवडून देतात. मात्र जीव द्यावासा वाटला, बाळाला इजा करण्याचे विचार आले, भास झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताईच्या सहा खेपा ठरलेल्या: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. काटा दर खेपेला निघतो. झोपेचा प्रश्न आज निघाला, तोही लाडवामुळे.

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. रेंज मात्र अंगणातल्या चिंचेखालीच. आशाताई बाळाला आजीच्या मांडीवर देते.

"तासभर धरा, आजी. हिले माह्यासंगं येऊ द्या."

एकवीस दिवसांनी ती उंबरा ओलांडते. उन्हाने डोळे मिचकावते.