रोहितामागची बारव

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या मराठवाड्यात अभयारण्यं आहेत. पुन्हा सांगतो, आपल्या मराठवाड्यात अभयारण्यं आहेत. पैठणला जायकवाडीचं पक्षी अभयारण्य, बीड जिल्ह्यात नायगावला मोरांचं, धाराशिवकडे येडशी रामलिंग घाट, कन्नडला गौताळा. सुट्टी लागली की आपण ताडोबाची गाडी ठरवतो, म्हणून दोनदा सांगितलं. २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ गौताळ्यात ट्रॅप कॅमेऱ्यात दिसला. तो फोटो मोबाइलवर फिरला तेव्हा कुठं माझ्या मित्रांनी मला विचारलं, "हे गौताळा नेमकं कुठं आलं?" इतकी वर्षं रस्त्यावर पाटी होती!

एका फोटोची ताकद ही अशी. पण फोटो दाखवायचा कुणाला? त्याचीच गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी नाथषष्ठीला मी पैठणला गेलो. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, हिवाळाभर काढलेले फोटो मोठे करून नेले होते. एका चहावाल्याच्या टपरीशेजारी सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फोटो लटकवले. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पट्टकादंब, चक्रवाक. खाली टाइप केलेली माहिती: रोहित उथळ पाण्यात चोच उलटी धरून चिखल गाळतो, त्याचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, वगैरे. वारकरी यायचे, "बगळे लई भारी हायेत" म्हणायचे आणि चहाकडे वळायचे. माहिती कुणी वाचली नाही.

दुपारी एक आजी आल्या. नऊवारी, हातात टाळ, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. एका फोटोपुढं थांबल्या त्या हलेचनात. मला वाटलं, रोहित आवडले. मी माहिती सांगायला लागलो, तर म्हणाल्या, "पाखरू ऱ्हाऊ दे बाबा. मागं ह्ये काय हाय?"

मागं काही दगड होते. फोटो खराब करतात म्हणून मी ते कापून टाकणार होतो, खरं सांगतो.

"ही आमची बारव हाय," आजी म्हणाल्या. "हितून पाणी भरलंय म्या. लगीन होऊन आले तवा."

धरण १९७६ मध्ये पुरं झालं आणि गोदाकाठची कितीतरी गावं पाण्यात गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. आजींचं सासर त्यातलंच. पाणी उतरलं की कधी देऊळ, कधी बारव डोकं वर काढते. आजींनी टाळ खाली ठेवला आणि फोटोवर बोट ठेवून सांगू लागल्या, इथं चिंच, इथं मारुती, इथं पाटलाचा वाडा. दिंडीतली आणखी दोन माणसं त्याच गावची निघाली. वाडा डावीकडं की उजवीकडं, यावर भांडण जुंपलं. चहावाला चहा सोडून आला. अर्ध्या तासानं आजींनी मला विचारलं, "अन् ही पाखरं आमच्याच गावात का उतरत्यात?"

आता मला माहिती सांगता आली! पाणी उतरलं की तिथं उथळ चिखल होतो, त्यात त्यांचं खाणं असतं, आणि १९८६ पासून ते सगळं पाणी अभयारण्य आहे. सगळ्यांनी ऐकलं. आजींनी फोटो मागितला, मी दिला.

तेव्हापासून मी मागचे दगड कापत नाही. फोटोखाली आधी गावाचं नाव लिहितो, मग पक्ष्याचं. फक्त घरटं असेल तर ठिकाण सांगत नाही. घरट्याचं ठिकाण सांगायचं नाही, आणि पक्षी उडावा म्हणून दगडही मारायचा नाही, उडताना कितीही देखणा दिसला तरी. हल्ली लग्नाआधीच्या शूटिंगवाले काठावर ड्रोन घेऊन येतात, सगळा थवा उठतो. अरे, फोटो नवरा-नवरीचा ना? तसंच हुरड्याचं. हुरडा खावा, जरूर खावा, तिळाच्या चटणीबरोबर खावा, पण त्याला स्पीकर कशाला लागतो? असो.

पुढच्या हिवाळ्यात आजींच्या नातवाचा फोन आला. आजींनी निरोप दिला होता: "पाखरं आलीत आमच्या बारवीवर. कॅमेरा घिऊन ये, अन् चिंचचं खोडबी दिसायलंय, त्ये घे."

मी गेलो. खोड घेतलं. रोहित जरा लांब होते, धूसर आलेत.